कुसळाची साक्ष

माझी सून सगुणा त्या नदाफ बाईला घेऊन आली तेव्हा मी दारात बसून म्हशीचे गोचीड काढत होते. अकरा वर्षांत ती माझ्या अंगणाच्या दगडाच्या आत आली नव्हती. त्या दिवशीही आली नाही. पलीकडं उभी राहिली, हातांवर राळेचे काळे डाग, आणि म्हणाली,

"आत्याबाई, पंचांनी हो म्हणलंय. उद्या गवत वाचणार."

"वाच की," म्हणलं. "कागद वाचता येत न्हाई, गवत तरी वाच."

नदाफ बाईला हसू आलं, ते तिनं गिळलं. सगुणाला हसू येतच नाही. लग्नात हिचं तोंड बघून सनईवाल्यानं विचारलं होतं, कोण गेलं म्हणून.

माझ्या मागं चुलीपाशी येसू भाकरी थापत होती. माझी नात, सगुणाच्याच पोटची, तेरा वर्षांची. आईचा आवाज ऐकून ती उठली आणि पिठाच्या हातानं दार लोटून घेतलं. मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज केव्हाच संपली होती.

येसू कुणाची, एवढंच त्या गवतात वाचायचं होतं.

आमचा बुरंबीचा सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा आणि त्याखालचा उतार. मी परकरात होते तेव्हा एका कंपनीनं त्या उतारावर चिडाची, म्हणजे पाइनची, झाडं लावली. हवेतला कर्ब लाकडात कोंडायचा आणि खोडाला चिरा देऊन राळ काढायची, असे दोन फायदे त्यांनी सांगितले. हे हिमालयाकडचं झाड, इथं टिकायचं नाही, असं शहाणे लोक म्हणत होते. टिकलं. का टिकलं ते कंपनीला वीस वर्षांनी कळलं आणि त्याचा त्यांनी सिनेमा काढला. आम्हा गवळी धनगरांना सिनेमाची गरज नव्हती. ते कुसळामुळं टिकलं.

कुसळ हे सड्याचं जुनं गवत. एकदा लागलं की त्याचा ठोंब माझ्यासारख्या चार म्हाताऱ्या पुरून उरतो. पावसात कमरेएवढं वाढतं, पौषात वाळून तांबूस होतं. चिडाच्या सुया खाली गळतात, त्यांत राळ असते, त्या लवकर कुजत नाहीत. कुसळ पेटवलं की घोट्याएवढी आग पळत सुटते, झाडाची जाड साल नुसती चाटते आणि वर्षाच्या सुया घेऊन जाते. मग माती उघडी पडते, चिडाचं बी तिच्यात रुजतं, कुसळाला कोवळी फूट येते आणि म्हैस दूध देते. कुसळाचा जीव मातीत बोटभर खाली असतो, त्याला आगीचं काही वाटत नाही. पण आग लावलीच नाही तर सुया साठत जातात, त्यांच्याखाली कुसळ गुदमरतं, आणि मग एखाद्या साली असा जाळ उठतो की झाडं शेंड्यापर्यंत उभी जळतात.

म्हणून आम्ही माघात पेटवायचो. दोन रेघा. वरची रेघ आमच्या झोऱ्यांच्या घरातल्या थोरल्या बाईनं लावायची, दिवस कासराभर वर आला की. ही आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू खाली सरकते आणि मागं काळा पट्टा ठेवते. वरचा धूर दिसल्यावर घरच्या सुनेनं उतारावर चिंध्यांचे अकरा पलिते वळायचे, ते वळून झाले की खालची रेघ लावायची. ती आग वाऱ्यासंगं वर धावते, काळ्या पट्ट्याला भिडते आणि विझते. मधल्या भागातली पडकी लाकडं बाप्यांनी ओढून काढायची आणि वरची आग दिसली की बाजूनं निघून जायचं. दोन्ही आगी भेटेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हाक मारायची नाही, सुनेनं वर चढून बघायचं नाही. आणि थोरलीनं तोपर्यंत उपाशी राहायचं, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

अकरा वर्षांपूर्वी खालची रेघ आधी पेटली. माझा धाकलू मधे लाकडं ओढत होता.

मी पंचांना सांगितलं, मी वेळेवर लावली, हिनं घाई केली. सगुणा म्हणाली, "मी धूर बघितला. अकरा पलिते वळले. मग लावली." तिचं कोण ऐकणार? माझ्या हातानं अडतीस वर्षं वरची रेघ लागली होती, हिचं ते तिसरं साल. ज्याच्या हातानं तो गेला त्यानं ह्या चुलीचं खायचं नाही आणि ह्या पोरीला शिवायचं नाही, हा न्याय मीच मागितला आणि पंचांनी दिला. येसू तेव्हा दोन वर्षांची होती. सगुणा चिडाच्या बनात झोपडी बांधून राळ काढायला लागली. आणि मी सांगून टाकलं, माझ्या लेकाला खाल्लेल्या उतारावर पुन्हा आग लागणार नाही. लोकांनी माझ्या दुःखाला हात जोडले.

नदाफ बाई कोल्हापूरच्या विद्यापीठातली. अंगणात पायरीवर बसून तिनं मला ते यंत्र दाखवलं. पेन्सिलीएवढी काडी आणि तळहाताएवढा पडदा.

"आजी, कुसळ दिवसभर उन्हात साखर करतं, ती रात्री खर्च करतं. सकाळी पोट रिकामं, संध्याकाळी भरलेलं. आग लागली की बुडाशी असलेली पानांची आवरणं भाजतात आणि त्या क्षणाची साखर तिथंच करपून बसते. घड्याळ बंद पडावं तशी. नवे फुटवे बाहेरच्या बाजूनं येतात, जुनं करपलेलं मधे तसंच राहतं. दर वर्षाचं एकेक कडं. शिवाय गवताच्या अंगात काचेसारखे बारीक कण असतात. आग ज्या बाजूनं पुढं जाते त्या बाजूला ते जास्त वेळ भाजतात. म्हणजे आग कुठून आली आणि किती वाजता आली, दोन्ही कळतं. पाच-सात मिनिटं इकडं-तिकडं."

"आणि ठोंब मेलेला असला तर?"

"मग दोन-तीन वर्षांत कुजतो. काही कळत नाही."

ही काडी काय करते ते मला ठाऊक होतं. घाटाखाली तिनं घरं मोडली होती. एका मास्तरानं सतरा वर्षांपूर्वी भावाचा माळ पेटवला होता, ते तो नातू मांडीवर घेऊन बसला असताना उघड झालं. एक नवरा म्हणायचा, त्या दुपारी मी तालुक्याला होतो. गवत म्हणालं, नव्हतास. पोरी बघायला येणारे आता आधी बांधावरचं गवत बघतात, असं डेअरीचा माणूस सांगायचा.

तरी मी निवांत होते. अकरा वर्षं आग नाही, म्हणजे अकरा वर्षांच्या सुया. त्यांच्याखाली कुसळ जिवंत असायचं काही कारण नव्हतं.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वर थंडी होती. मी कातळाच्या आडोशाला बसले होते आणि मला चहा हवा होता. उपास मोडायचा म्हणून नव्हे, साधा चहा हवा होता. फडक्यात पूड आणि गूळ बांधूनच नेला होता, दरवर्षीच न्यायचे, पण एरवी रेघ लावून झाल्यावर प्यायचे. तीन दगड मांडले, ओल्या सुया लावल्या. ओल्या सुयांचा धूर होतो, पांढरा, ढगासारखा. खाली सगुणानं तो बघितला आणि पलिते वळायला घेतले. ओल्या सुयांवर पाणी उकळायलाच तास गेला. मी चहा प्याले, भांडं घासलं, राख पायानं पसरली. मान वर करते तर खालून आग धावत येत होती आणि माझ्या पुढं काळा पट्टा नव्हता. मागं वस्ती, गोठा. मी पलिता ओढला आणि सगळी वरची रेघ एका दमात लावून टाकली. धाकलू खालच्या आगीपासून पळत वर येत होता. तो माझ्या आगीत आला. धुरात मला माझा हात दिसत नव्हता, तो कुठून दिसणार? दोन्ही आगी भेटल्या तेव्हा तो सापडला, माझ्या रेघेपासून चाळीस पावलांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बनात गेलो. नदाफ बाई, सगुणा, पंच लखू बावदाने आणि मी. येसू माझा हात धरून. अकरा वर्षांत मी बनात पाऊल टाकलं नव्हतं. पाय गुडघ्यापर्यंत सुयांत जात होता. नदाफ बाई काडीनं सुया बाजूला करायची, खाली काळी कुजकी ढेकळं. एक ठोंब मेलेला, दुसरा मेलेला, वीस मेलेले.

"काय वो बाई," मी म्हणलं, "साक्षीदार सगळे वारले जणू."

लखू बावदानेला हसू आलं. येसू तर मोठ्यानं हसली, आईकडं बघून.

सगुणा झोपडीपाशी थांबली. तिच्या दारापुढं खालच्या रेघेच्या जागी दहा-बारा ठोंब हिरवेगार उभे होते. तिथं ती रोज झाडायची, त्यात नवल नव्हतं. खालच्या रेघेची वेळ कळून काय कळणार होतं? तिची वेळ आणि माझी वेळ, दोन्ही लागणार होत्या. मी हातातली काठी वाजवत पुढं चालले.

मग आम्ही वर पोचलो आणि मी थांबले.

सुयांच्या त्या सगळ्या रानात एक गोल जागा स्वच्छ होती, खळ्याएवढी. कडेला सुयांचा ढीग बांधासारखा. मधे कुसळ, दाट, माझ्या कमरेएवढं, तुरे आलेलं. खराटा चिडाला टेकवून ठेवलेला.

कुठली जागा ती, ते मला कुणी सांगायला नको होतं.

"कधीपासून झाडतीस?" म्हणलं.

"तेराव्यापासून."

"कशाला?"

"सुया पडतात त्यांच्या अंगावर," सगुणा म्हणाली.

नदाफ बाई गुडघ्यांवर बसली. एकेका ठोंबाच्या मधे काडी घालायची, पडद्यावर बघायची, पुढच्याकडं सरकायची. आम्ही उभे. येसूला कंटाळा आला, ती चिडाची बोंडं गोळा करायला लागली. मी त्या कुसळाकडं बघत होते. माझ्याशी हे गवत कधी वाईट वागलं नव्हतं. अडतीस वर्षं मी पेटवलं आणि ते उगवलं.

दुपारी लखूच्या ओसरीवर सगळे बसले. वस्तीतली बारा घरं. लखूची बायको तांदूळ निवडत होती. नदाफ बाईनं सांगितलं, जास्त शब्द न वापरता.

"त्या वर्षीचं कडं दोन्ही ठिकाणी मिळालं. खालच्या रेघेवरची आग साधारण नऊ चाळीसची. वरच्या जागेवर आग वरून खाली आलेली आहे, म्हणजे वरच्या रेघेची. तिची वेळ दहा वाजून दहा मिनिटं. ती आठच्या सुमाराला लागलेली असायला हवी होती."

लखूला हिशेब लागायला वेळ लागला. मग त्यानं टोपी काढली.

"ठकूकाकी, बाई म्हणतात ते खरं?"

"गवत खोटं बोलत न्हाई म्हणतात."

"उशीर कशानं झाला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. काहीही सांगता आलं असतं. पलिता भिजला, पाय मुरगळला. ठकूबाई झोरेनं सांगितलं असतं तर बारा घरांनी मान हलवली असती. पण मी चोरून चहा प्याले तेवढं पुरे झालं, आता चहावर पांघरूण घालायला मी काय शेंबडी सून आहे?

"चहा पीत होते," म्हणलं. "त्याच्या चुलीचा धूर हिनं बघितला."

लखूच्या बायकोचा हात तांदळात थांबला.

"म्हंजे तू उपाशी न्हवतीस?" लखूनं विचारलं. माणूस मेला ते बाजूला, ह्याला आधी उपास आठवला.

"अडतीस वर्षांत एकदाबी न्हवते."

मग लखू उठला, सगुणापुढं गेला आणि म्हणाला, "पोरी, अकरा वर्सं झाली. आमी काय देणार आता? येसू तुजी. आजच घिऊन जा."

सगुणा येसूकडं वळली आणि हात पुढं केला. बोटं काळी, राळेनं चिकटलेली.

"मी न्हाई जाणार," येसू म्हणाली.

"बाळा," लखू म्हणाला, "बाईंनी सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. आजी चहा प्याली. थंडी होती, माणूस चहा पितो. खालून काडी कुणी टाकली? वर येऊन बघायला काय पाय मोडलं होतं हिचं?"

"चढून बघायचं न्हाई," सगुणा हळू म्हणाली. "रीत हाय."

"रीत हाय." येसूनं तिची नक्कल केली. "अंगाला राळेचा वास मारतो हिच्या. मला ओकारी येते. नवऱ्याला जाळून वर झाडू मारत बसली, लोकांनी बघावं म्हणून."

ही वाक्यं माझी होती. शेवटचं तेवढं तिनं स्वतः रचलं, पण सूर माझा, थांबण्याची जागासुद्धा माझी. बारा घरांत कुणाला ते ओळखायला अडचण आली नसावी.

सगुणानं अकरा वर्षांत माझं सगळं ऐकून घेतलं होतं आणि तिचा चेहरा हलला नव्हता. आता तिनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि लुगड्याला पुसायला लागली. राळ तशी निघत नाही, तिला ठाऊक आहे. तरी ती पुसत राहिली, कातडी लाल होईपर्यंत.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू? यंत्र बोललं, पंच बोलले, आणि तरी पोरगी माझी. मग सगुणा जायला वळली आणि येसूनं माझ्याकडं बघितलं. चांगलं बोलले का, असं बघतात तसं. ओठ मिटलेले, हनुवटी वर. आरशात मी सत्तर वर्षं जे तोंड बघितलं ते तेरा वर्षांच्या पोरीच्या मानेवर बसलं होतं, आणि त्याला अजून साठ वर्षं जगायचं होतं.

"येसू," म्हणलं, "तुझा बाप मला दिसला होता."

"काय?"

"पलिता हातात होता तेव्हा. चाळीस पावलांवर. हात हलवत होता, थांब म्हणून. मी बघितला आणि रेघ लावली."

"का?"

"गोठ्यात तेवीस म्हशी होत्या. तो एकटा होता."

तिचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं ती रडेल. मी तिला रडायचं शिकवलं नव्हतं, ती रडली नाही. एक पाऊल मागं सरकली. मग अजून एक. मी हात केला असता तर पोचला असता, पण मी केला नाही.

"म्हशींसाठी?" ती म्हणाली.

"म्हशींनी तुला दूध पाजलं. बापानं काय पाजलं असतं?"

नदाफ बाई माझ्या कानाशी वाकली. "आजी, हे होऊच शकत नाही. वाचनात वाऱ्याची दिशा आलीय. खालचा सगळा धूर तुमच्या तोंडावर होता. तुम्हाला हातभर लांबचंही..."

"बाई," मी हळूच म्हणलं, "तुमी गवताचं बघा."

सगुणा उंबऱ्यापाशी थांबली होती. ती माझ्याकडं बघत राहिली. वाऱ्याच्या तोंडावर उभं राहिलं की धूर कुठं जातो ते तिला कुठल्या यंत्रानं सांगायला नको. तिला कळलं. ती बोलली नाही. बोलली असती तर मी तिला आयुष्यभर माफ केलं नसतं. येसू मागं सरकत सरकत तिच्यापाशी गेली. हात धरला नाही. तिच्या मागं उभी राहिली, माझ्यात आणि तिच्यात आईचं अंग येईल अशी. तेवढं पुरलं.

मी त्याच दिवशी माझं अंथरूण उचललं, घर त्या दोघींना सोडलं आणि सगुणाच्या झोपडीत राहायला आले. लखू म्हणाला, काकी, वय झालंय, राहू दे. म्हणलं, न्याय मी मागितला होता, तो काय फक्त दुसऱ्याला?

नदाफ बाई महिन्यानं परत आली. कंपनीला आता उतारावर पुन्हा आग हवी होती, सुया बघून त्यांची झोप उडाली होती. माणसं लावून सुया काढल्या, पट्ट्यापट्ट्यानं पेटवायचं ठरलं, आणि सगुणानं राखलेल्या त्या खळ्याएवढ्या जागेतलं कुसळाचं बी सगळ्या उतारावर टाकलं. बाई माझ्यापाशी बसली.

"पोरीला खरं सांगू का, आजी? अजूनही वेळ गेलेली नाही."

"सांगितलंत तर ती परत येईल," म्हणलं. "आली तर माझ्यासारखी होईल. तुमच्या काडीला हे वाचता येत न्हाई, म्हणून सांगते."

ती उठून गेली. पुन्हा विचारलं नाही.

ह्या माघात वरची रेघ सगुणानं लावली, खालची येसूनं. मी झोपडीच्या दारातून बघितलं. पोरीचा हात बरा आहे, पलिता जरा जास्त उंच धरते. मी सांगायला गेले नाही.

पाण्याच्या वाटेवर येसू कधी समोर येते. मला बघितलं की तोंड फिरवते, मानेला झटका देऊन, पदर सावरत. चांगलं फिरवते. माझ्याकडूनच शिकली.